मुखपृष्ठ आणि लोगो: ‘छान आहे’च्या पुढे काय बघायचं?

प्रश्न असा आहे: पुस्तकाचं मुखपृष्ठ किंवा एखाद्या संस्थेचा लोगो पाहिला की ‘आवडलं’ किंवा ‘नाही आवडलं’ एवढंच सुचतं. जाणकार नेमकं काय बघतात, आणि चित्रकलेचं शिक्षण नसलेल्याला ते जमू शकतं का?

जमतं. मुखपृष्ठाला आणि लोगोला नेमून दिलेली कामं असतात. ती कामं कोणती हे कळलं की ती पार पडली का, हे कोणालाही तपासता येतं. सौंदर्याची चर्चा त्यानंतर करावी, म्हणजे ती हवेत होत नाही. आणि मराठीपुरतं बोलायचं तर बहुतेक वेळा निकाल अक्षरांवरच लागतो, चित्राचा नंबर नंतर. म्हणून या उत्तरात अक्षरांवर जरा जास्त रेंगाळणार आहे.

पुस्तक लगेच हातात घेऊ नका. दुकानातल्या टेबलावर किंवा प्रदर्शनात मांडलेलं असतं तसं सहा-सात फुटांवरून बघा. तिथून नाव वाचता यायला हवं आणि पुस्तक साधारण कोणत्या जातकुळीचं आहे, कवितासंग्रह की कादंबरी की माहितीपर, याचा अंदाज यायला हवा. मग तेच मुखपृष्ठ मोबाइलवर, खरेदीच्या साइटवर नखाएवढं दिसतं तेवढं बघा. इतक्या लहान आकारात लेखकाचं नाव वाचता आलं नाही तरी चालेल, पण पुस्तकाचं नाव आणि निदान एक ठळक आकार शिल्लक राहायला हवा. शेवटी हातात घ्या. आता दुरून न दिसलेलं काहीतरी सापडायला हवं: कागदाचा पोत, रेषेतला बारकावा, मलपृष्ठावर वळून गेलेलं चित्र.

एक साधी चाचणी फोनवरच करता येते. मुखपृष्ठाचा फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. हिरव्यावर लाल किंवा निळ्यावर नारिंगी अक्षरं रंगात झगझगतात, पण दोन्ही रंगांची गडदता सारखी असेल तर करड्या फोटोत नाव विरघळून जातं. तसं झालं तर समजा की नाव पार्श्वभूमीतून नीट सुटलेलं नाही. मंद प्रकाशात आणि वयस्कर वाचकांना ते वाचायला त्रास होणार.

आता अक्षरं. चित्र तळहाताने झाका आणि फक्त नाव बघा. नुसत्या नावाला काही स्वभाव आहे का? हे कसं साधतं ते पाहायचं तर कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेलं अक्षरलेखन शोधून बघा. वर्तमानपत्राचा खडबडीत कागद, काळा हा एकच रंग आणि स्तंभातली थोडी जागा. तरीही नाटक विनोदी आहे, ऐतिहासिक आहे की कौटुंबिक, हे नावाच्या वळणावरून कळायचं. अशा कामाची कसोटी सोपी आहे. उकाराचा साप केला असेल तर तो आधी उकार म्हणून वाचला गेला पाहिजे, साप नंतर दिसला पाहिजे. क्रम उलटा झाला की नाव वाचायला वाचकाला थांबावं लागतं, आणि रस्त्यावरचा किंवा दुकानातला माणूस थांबत नसतो.

देवनागरीत शब्द बांधून ठेवते ती शिरोरेषा. इंग्रजी मुखपृष्ठांवर कॅपिटल अक्षरांत भरपूर अंतर सोडून नाव लिहायची पद्धत आहे आणि तिथे ती शोभते. तीच देवनागरीवर लादली की शिरोरेषेचे तुकडे पडतात; शब्दाऐवजी सुट्या अक्षरांची रांग दिसते. शिरोरेषा मुद्दाम गाळलेलं सुलेखनही असतं, आणि ते उत्तम असू शकतं. पण ‘ध’ आणि ‘घ’, ‘भ’ आणि ‘म’ यांच्यातला निम्मा फरक शिरोरेषेतल्या फटीचा असतो. ती रेषाच काढून टाकल्यावर सगळा भार सुरुवातीच्या गाठीवर येतो. ती गाठ सुलेखनकाराने ठसठशीत काढली आहे का ते बघा. तिथे त्याची जाण कळते.

दुसरी जागा म्हणजे दोन ओळींचं नाव. देवनागरी ओळ तीन थरांत चालते: शिरोरेषेच्या वर वेलांट्या, मात्रा, रफार आणि अनुस्वार, मध्ये अक्षराचा देह, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. वरच्या ओळीत ‘भू’ असेल आणि त्याच्या बरोबर खाली ‘र्ती’ आला तर उकार आणि रफार एकमेकांवर आदळतात. नवखा माणूस दोन ओळींत अंतर वाढवतो, मग नावाचे दोन तुकडे वेगळे तरंगायला लागतात. जाणकार खालची ओळ थोडी डावी-उजवीकडे सरकवतो, म्हणजे वरचा उकार खालच्या मोकळ्या जागेत उतरतो. कधी एकच वेलांटी दोन्ही ओळींना कवेत घेईल अशी लांबवतो. दोन ओळी एकमेकींत अडकूनही सुखाने नांदत असतील तर ते काम हाताने, विचार करून केलेलं आहे असं खुशाल समजा.

ताणलेली अक्षरं ओळखायला शिका. कॉम्प्युटरवर शब्द आडवा ताणला की उभे दांडे जाड होतात आणि शिरोरेषा आहे तेवढीच राहते. उभा ताणला की याच्या उलट होतं. अक्षर ठळक करण्यासाठी भोवती बाह्यरेषा चढवली की क, ष, क्ष, ज्ञ यांच्या पोटातली मोकळी जागा बुजते. ही दोन्ही लक्षणं दिसली तर हव्या त्या जाडीचा फाँट हाताशी नव्हता किंवा शोधला गेला नाही. आणखी एक सूक्ष्म गोष्ट लेखणीच्या छाटाची. बोरूने लिहिलेल्या देवनागरीत जाडी वरून उजवीकडून खाली डावीकडे उतरणाऱ्या तिरप्या रेषेला येते. रोमन लिपीत नेमकं उलट, डावीकडून उजवीकडे उतरणारी रेषा जाड. म्हणून रोमन फाँटचे तुकडे कापून जोडलेलं ‘देवनागरी’ नाव कारण कळण्याआधीच उपरं वाटतं.

मराठी वाचकाने आणखी दोन ठिकाणी हट्टी असावं. ‘ल’ आणि ‘श’ यांची मराठी वळणं वेगळी आहेत, आणि शासनाच्या प्रमाण वर्णमालेतही ती तशीच धरली आहेत. हिंदी वळणाचा ‘ल’ मराठी कादंबरीच्या नावात मोठ्या आकारात बसला की डोळ्याला खुपतो. कित्येक फाँटांमध्ये दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की योग्य रूप आपोआप येतं, फक्त कोणीतरी ती निवडावी लागते. दुसरं ठिकाण ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’. ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. फाँटमध्ये हा अर्धा र नसेल तर डोंगराचं पुस्तक समुद्रावर जातं. याहून ढोबळ चूक म्हणजे पहिली वेलांटी अक्षराच्या नंतर येणं किंवा जोडाक्षर फुटून पाय मोडलेलं दिसणं. डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिप्यांची मांडणी चालू केलेली नसते किंवा जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधला मजकूर थेट चिकटवलेला असतो, तेव्हा असं होतं. छापील मुखपृष्ठावर हे आढळलं तर शेवटचं प्रूफ मराठी वाचणाऱ्या माणसाने बघितलेलं नाही.

फाँट कोणता हेही बघावं, पण त्यावरून पुस्तकाला किंवा फाँटला लगेच नावं ठेवू नयेत. अक्षरकार र. कृ. जोशींचा ‘मंगल’ संगणकाच्या पडद्यावर लहान आकारात वाचता यावं म्हणून घडवलेला आहे. तो दोन इंची करून मुखपृष्ठावर बसवला आणि पोरका दिसला, तर चूक बसवणाऱ्याची. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘बलू’ मोफत मिळतात आणि दोन्ही चांगले आहेत. मात्र ‘बलू’चं गुबगुबीत वळण बालसाहित्याला आणि मिठाईच्या खोक्याला जितकं जमतं तितकं दुष्काळावरच्या लेखसंग्रहाला जमत नाही. मोफत मिळतो म्हणून तो सगळीकडे दिसतो, एवढंच.

चित्राकडे वळू. पहिला प्रश्न हा: चित्र नावाचाच पुनरुच्चार करतंय का? नावात पाऊस आणि चित्रातही पाऊस, तर दोघांपैकी एकाला काही काम उरत नाही. नाव शांत आणि चित्र अस्वस्थ, किंवा चित्र साधं आणि नाव खोडकर, अशी जोडी असेल तर वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो आणि तो पुस्तक उचलतो. दुसरा प्रश्न: चित्रकाराने काय गाळलं? लेखकाला वाटतं की नायिका, वाडा, विहीर, कोर्टाची नोटीस आणि मुलाचा पतंग, सगळं आलं पाहिजे. ते सगळं आलं की काहीच दिसत नाही. शिवकालीन कादंबरीवर तलवार, बुरूज, टापा आणि भगवा सूर्यास्त एकत्र पाहून आपण आता इतके सरावलो आहोत की एखादीच रिकामी म्यान दाखवणारं मुखपृष्ठ त्या रांगेत सर्वांत मोठ्याने बोलेल. साइटवर तयार मिळणाऱ्या स्टॉक फोटोंचं तर विचारू नका. खिडकीतली पाठमोरी बाई आणि धुक्यातलं एकटं झाड निरनिराळ्या प्रकाशकांच्या पुस्तकांवर भेटतं, कारण सगळ्यांनीच ते एकाच साइटवरून घेतलेलं असतं.

जुनी मराठी मुखपृष्ठं बघताना छपाईची पद्धत लक्षात ठेवावी लागते. लेटरप्रेसच्या, म्हणजे उठावाच्या ठशांनी छापण्याच्या, काळात प्रत्येक रंगासाठी वेगळा ब्लॉक (ठसा) लागायचा आणि प्रत्येक रंग म्हणजे यंत्रातून कागदाची आणखी एक फेरी. त्यामुळे दोन-तीन रंगांत भागवणं हा पैशाचा निर्णय असे, आणि चांगले चित्रकार त्यातूनच युक्ती काढत: पिवळ्यावर निळा चढवून फुकटात हिरवा मिळवायचा, कागदाचा पांढरा हाही एक रंग धरायचा. जुनं पुस्तक हाती आलं तर दहापटीचं भिंग किंवा फोनचा मॅक्रो कॅमेरा लावून बघा. चाररंगी ऑफसेटमध्ये ठिपक्यांची बारीक फुलं दिसतात. लाइन ब्लॉकने छापलेल्या भागात सलग रंग दिसतो आणि दाबामुळे आकाराच्या कडेला शाईची जरा गडद किनार जमलेली असते. ही किनार एकदा ओळखता आली की त्या काळच्या चित्रकाराने किती कमी साधनांत काम केलं हे नेमकं समजतं.

त्या काळच्या चित्रकारांपैकी दीनानाथ दलाल मूळचे गोव्याचे, १९४५ पासून ‘दीपावली’ हा वार्षिक अंक काढणारे. त्यांच्याकडे रंगाची श्रीमंती आहे आणि रेषेवर हुकमत आहे. त्यांची रंगावर आणि रेषेवर उभी असलेली, दोन्ही प्रकारची मुखपृष्ठं शेजारी ठेवा. बाळ ठाकूर यांची मोजक्या रेषांची, मोकळ्या जागेवर भिस्त ठेवणारी चित्रं, वसंत सरवटे यांची पात्राच्या उभं राहण्यातून विनोद काढणारी रेषा, सुभाष अवचटांचे मोठे, रंगलेपी आकार: एकेकाची पाच-सहा मुखपृष्ठं सलग पाहिली की एकाच साहित्यकृतीकडे हे चौघे कसे वेगवेगळे आले असते याची कल्पना करता येते. रसग्रहणाचा याहून चांगला व्यायाम नाही. यासाठी एक सवय लावून घ्या: श्रेयपानावर ‘मुखपृष्ठ’ आणि ‘अक्षरलेखन’ किंवा ‘सुलेखन’ ही नावं वाचायची. पुष्कळदा ती दोन वेगळ्या माणसांची असतात. काही पुस्तकांत ती नसतातच, आणि त्यावरून प्रकाशकाबद्दल काय ते समजतं.

आता पुस्तक वस्तू म्हणून. सर्वांत आधी कणा बघा, कारण कपाटात गेल्यावर पुस्तकाचं तेवढंच दर्शन उरतं. नाव वरून खाली जाणारं असेल तर पुस्तक टेबलावर उताणं ठेवल्यावर कण्यावरचं नाव सरळ वाचता येतं. अक्षरं एकाखाली एक रचलेली देवनागरी टाळावी. शिरोरेषा तुटते आणि जोडाक्षरांची उंची बिघडते. कण्याची जाडी मोजायचं गणित असं: २४० पृष्ठं म्हणजे १२० पत्रं, एका पत्राची जाडी ०.१ मिमी धरली तर १२ मिमी, शिवाय कव्हरच्या दोन थरांची मिळून अर्धा-पाऊण मिमी. पण तेवढ्याच वजनाचा बल्की, म्हणजे फुगीर, कागद वापरला तर पत्र ०.१३ मिमीचं होऊ शकतं आणि कणा साडेपंधरावर जातो. कागद ऐनवेळी बदलला आणि मुखपृष्ठाची फाइल तीच राहिली, की कण्यावरचं नाव कडेला सरकतं किंवा पुढच्या बाजूचा रंग कण्यावर पट्टीसारखा उतरतो. बांधणीत एखादा मिलिमीटर इकडेतिकडे होतोच. म्हणून मुरलेला माणूस घडीच्या बरोबर रेषेवर दोन रंगांची सीमा ठेवत नाही. रंग कण्यावरून पलीकडे नेतो किंवा घडीपासून दूर संपवतो. हे काम दिसत नाही. फसलं तरच दिसतं.

कव्हरला साधारण २५० ते ३०० जीएसएमचं (दर चौरस मीटरला इतक्या ग्रॅमचं) आर्ट कार्ड वापरतात. त्याचा तंतू कण्याला समांतर असावा, नाहीतर घडीवर चिरा पडतात आणि कव्हर नीट मिटत नाही. लॅमिनेशन एकाच बाजूला असतं. पावसाळ्यात आतली उघडी बाजू ओल शोषून फुगते, बाहेरची फुगत नाही, आणि कव्हर बाहेरच्या बाजूला वळतं. कोकणात नि मुंबईत हे जुलैत हमखास दिसतं. त्याबद्दल डिझायनरला बोल लावू नका. मॅट लॅमिनेशनने रंग किंचित दबतात आणि गडद कव्हरवर ओरखडे, बोटांचे ठसे उठून दिसतात. म्हणून सलग काळं मॅट मुखपृष्ठ पहिल्या दिवशी रुबाबदार आणि वर्षभराने कळकट असतं. स्पॉट यूव्हीची, म्हणजे ठरावीक भागावरच चढवलेल्या लेपाची, चकाकी अक्षरावर बरोबर बसली आहे का ते तिरप्या उजेडात बघा. बारीक अक्षरांवर ती अर्धा मिमी सरकली तरी नाव दुहेरी दिसतं. एम्बॉसिंग (कागदावरचा उठाव) आणि सोनेरी फॉइल या गोष्टींना ठळक आकार लागतात. नाजूक सुलेखनाची टोकं फॉइलमध्ये बुजतात.

मलपृष्ठावर फार वेळ घालवायची गरज नाही. बारकोड पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा राखलेला असला म्हणजे झालं; लाल रेघांचा बारकोड लाल प्रकाशाच्या स्कॅनरला दिसत नाही. रंगीत चित्रावर पांढऱ्या बारीक अक्षरांत दीडशे शब्दांचा ब्लर्ब (पुस्तकाची ओळख) असेल तर चार रंगांची जुळणी जराशी चुकली तरी अक्षरांच्या बारीक रेषा भरून जातात.

मालिकेचं डिझाइन ही मुखपृष्ठ आणि ब्रँड यांना जोडणारी जागा. १९३५ मध्ये लंडनच्या पेंग्विन या प्रकाशनाने स्वस्त पुस्तकं काढली तेव्हा एडवर्ड यंग यांनी तीन आडव्या पट्ट्यांची मांडणी ठरवली: कादंबरीला नारिंगी, रहस्यकथेला हिरवा, चरित्राला निळा. पेंग्विनच्या चिन्हाखेरीज चित्र नव्हतंच. १९४७ मध्ये आलेल्या अक्षररचनाकार यान चिखोल्ड यांनी तीच मांडणी ठेवून अक्षरांमधली अंतरं, वजनं आणि पेंग्विन पक्ष्याचं चित्र सुधारलं. त्यांचं काम वरवर बघणाऱ्याला काही बदललं असं वाटणारही नाही, आणि हेच शिकण्यासारखं आहे. मराठीत एखाद्या लेखकाचे समग्र खंड काढताना ही शिस्त लागते. पाचव्या खंडापर्यंत कण्यावरचं नाव एका उंचीवर येतं का, सहावा खंड जाड निघाला तर मांडणी तग धरते का, खंडाचा आकडा दुरून दिसतो का, हे बघा. बहुतेक संच तिसऱ्या खंडालाच भरकटतात, कारण दरम्यान कागद, छापखाना किंवा माणूस बदललेला असतो.

लोगोकडे येताना एक गोष्ट आधी बाजूला ठेवा: त्यामागची कथा. ‘हा निळा म्हणजे विश्वास, हा बाण म्हणजे प्रगती’ हे सादरीकरणात ठीक आहे. ग्राहकाच्या हातात ते पत्रक नसतं. स्टेट बँकेचं चिन्ह घ्या. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेतल्या शेखर कामत यांनी केलेलं हे चिन्ह १९७१ पासून चालू आहे: भरीव निळं वर्तुळ, मध्ये लहान पांढरं वर्तुळ, त्यापासून खाली बाहेर जाणारी फट. कोणी त्याला किल्लीचं छिद्र म्हणतं, कोणी अहमदाबादचा कांकरिया तलाव दाखवतं. परीक्षेला यातलं काहीच लागत नाही. ते काळ्या रंगात चालतं, रबरी शिक्क्यात चालतं, एटीएमच्या पाटीवर आणि फोनच्या आयकॉनवर चालतं, आणि शाळकरी पोर एकदा बघून वहीत काढू शकतं. सहयोगी बँकाही तेच वर्तुळ वापरत आणि २०१७ मध्ये त्या विलीन झाल्यावरही चिन्ह तसंच राहिलं. घरी करायच्या चाचण्या यातूनच निघतात: लोगो एकाच रंगात छापा, उलटा म्हणजे गडदावर पांढरा करा, आठ मिमी रुंदीचा करा, फोटोकॉपीची फोटोकॉपी काढा. शेवटी, दहा सेकंद पाहून झाकून ठेवा आणि कागदावर काढा. जे आठवलं तेवढाच लोगो आहे.

२०१० मध्ये स्वीकारलेलं रुपयाचं चिन्ह हा जरा वेगळा धडा आहे. आयआयटी मुंबईत शिकलेल्या उदय कुमार यांची ही रचना: देवनागरी ‘र’ आणि दांड्याविना रोमन ‘आर’ एकाच आकारात, वर दोन समांतर रेषा, त्यातली वरची शिरोरेषेसारखी. हे चिन्ह आकड्यांच्या शेजारी जगतं, म्हणून आकड्यांच्या उंचीशी आणि जाडीशी त्याचं जमलं पाहिजे. प्रत्येक फाँटकाराला ते नव्याने काढावं लागतं. ठळक फाँटमध्ये आणि लहान आकारात दोन रेषांमधली फट बुजायला लागते. चांगला फाँटकार तिथे रेषा बारीक करतो किंवा फट वाढवतो. किराणा दुकानातल्या बिलावर, जाहिरातीत आणि नोटेवर हे चिन्ह ताडून बघा. एकच कल्पना अंमलबजावणीत कुठे सुटते ते लगेच दिसेल.

अशीच दुरुस्ती लोगोत सर्वत्र असते. चौकोनाच्या बरोबर उंचीचं वर्तुळ लहान दिसतं, म्हणून ते किंचित मोठं काढतात. त्रिकोण गणिताने मध्यावर ठेवला तर सरकलेला वाटतो. पट्टीने मोजून बरोबर आणि डोळ्याला चूक, अशा वेळी डोळ्याचं ऐकायचं. लोगोवर वर्तुळांची जाळी टाकून ‘बघा किती शास्त्रशुद्ध’ दाखवायची पद्धत आहे, तिने फार भारावू नका. ती जाळी बरेचदा चिन्ह झाल्यावर काढलेली असते.

आपल्या शिक्षणसंस्थांची चिन्हं मात्र निराळ्या मापाने मोजावीत. समई, उघडं पुस्तक, उगवता सूर्य, दातेरी चक्र आणि खाली संस्कृत वचन, हे सगळं मिळून जी मुद्रा होते ती प्रमाणपत्रावर, तीन इंची आकारात शोभते. तिला आयकॉन म्हणून राबवणं हा गुन्हा आहे. मुद्रा समारंभाला ठेवून रोजच्या वापरासाठी त्यातलाच एखादा आकार सुटा करून घ्यावा.

ब्रँडची ओळख लोगोपेक्षा मोठी असते. लोगो झाकूनही ओळखता येतं का, हा प्रश्न विचारा. एसटीची लाल गाडी लांबून, नावाची पाटी दिसण्याआधी कळते. मुंबईची काळीपिवळी तर लोगोशिवायच काळीपिवळी आहे. त्यासाठी रंग जपावा लागतो, आणि तो वेगवेगळ्या साहित्यावर वेगळा येतो. पडद्यावरचा झगझगीत नारिंगी चाररंगी छपाईत मंदावतो, व्हिनाइलला ठरावीक छटाच मिळतात, फ्लेक्सवरचा लाल-पिवळा उन्हात आधी उडतो आणि पाटी निळसर पडते. ब्रँडच्या चांगल्या मार्गदर्शिकेत प्रत्येक साहित्यासाठी वेगळा आकडा दिलेला असतो आणि नमुन्याची पट्टी जोडलेली असते.

महाराष्ट्रात आणखी एक कसोटी कायद्यानेच लावली आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्व दुकानांच्या पाटीवर मराठी नाव देवनागरीत, सुरुवातीला आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत हवं. त्यामुळे रोमनमध्ये नीट घडवलेल्या कित्येक लोगोंना घाईघाईने देवनागरी भावंड जन्माला घालावं लागलं. रस्त्यावरून चालताना ही जोडी तपासा. देवनागरीच्या देहाची उंची रोमनच्या लहान अक्षरांपेक्षा जरा जास्त आणि कॅपिटलपेक्षा जरा कमी असली तर दोन्ही समान वाटतात. दोन्हींना अक्षराचं माप म्हणून एकच पॉइंट दिला तर देवनागरी बहुधा लहान दिसते, कारण त्या मापात वेलांट्या आणि उकारांची जागाही धरलेली असते. रेषेची जाडी रोमनपेक्षा थोडी कमी हवी. तेवढ्याच उंचीत देवनागरीत रेषा जास्त असतात आणि तीच जाडी दिली तर शब्द काळा पडतो. आणि रोमन लोगोतली एखादी खूण, म्हणजे कापलेलं टोक, गोलाई किंवा तिरकी फट, देवनागरीत तिच्या स्वभावानुसार आली आहे का हे बघा. रोमन ‘ए’ उलटा करून ‘व’ बनवणं याला खूण उतरवणं म्हणत नाहीत.

एखाद्या लेखक-प्रकाशक मित्राने मुखपृष्ठाचे तीन पर्याय पाठवून मत विचारलं, तर फोनवर बोटाने मोठं करून उत्तर देऊ नका. डेमी आकार म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच. तेवढ्या मापात रंगीत प्रिंट काढायला सांगा, कापून एखाद्या पुस्तकावर गुंडाळा आणि घरातल्या कपाटात इतर पुस्तकांत ठेवा. नाव कोणत्या शब्दाशी तोडून दोन ओळींत लावलं आहे, कण्याची जाडी कोणत्या कागदावरून काढली आहे आणि अक्षरलेखन कोणाचं आहे, हे तीन प्रश्न विचारा. ‘लाल जरा कमी करा’ अशी दुरुस्ती सुचवण्यापेक्षा ‘सहा फुटांवरून नाव वाचता येत नाही’ अशी अडचण सांगा. उपाय डिझायनरला शोधू द्या. तो लाल तसाच ठेवूनही नाव मोकळं करू शकतो.